उसनी चिप

"पण विशाखाला त्याचा काही त्रास होतो का?" भन्ते शीलरतनांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"त्रासाचा प्रश्नच नाही, भन्तेजी. आवृत्ती जुनी आहे."

"जुनी म्हणजे बिघडलेली?"

"बिघडलेली नाही. जुनी."

"जुना तर मीही आहे."

उत्कर्ष बोरकरने डोळे मिटून घेतले. वैताग आला की तो डोळे मिटायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, ध्यान करतोय.

मांडवघाट हे वैनगंगेच्या काठचं लहानसं गाव. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहायचं असतं. त्या वर्षावासासाठी भन्तेजी या गावच्या विहारात आले होते. उत्कर्ष आला होता पुण्याहून. आजोबांचं गाव हेच. तिकडे एका मोठ्या कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा. झोप उडाली, माणसांवर ओरडायला लागला, तेव्हा रजा काढून भन्तेजींपाशी येऊन राहिला.

"मला शांत बसायला शिकवा," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता.

त्यानंतर तो एकदाही शांत बसला नव्हता.

विहाराच्या भोंग्याची वायर त्याने बदलली. भोजनदानाची पाळी कुणाच्या घरची, याचा तक्ता करून गावातल्या बायांच्या फोनवर पाठवला. बायांनी तो उघडला नाही आणि जेवण वेळेवर येत राहिलं. आता त्याची नजर विहाराच्या अभ्यासिकेतल्या संगणकावर पडली होती.

"समजावून सांगतो," उत्कर्ष म्हणाला. "संगणकाच्या आत एक मोठी पाटी असते, मदरबोर्ड. तिच्यावर नखाएवढी एक चिप. वीज आली की सगळ्यात आधी ती जागी होते आणि मग बाकीच्यांना उठवते. तिच्यात जे लिहिलेलं असतं ते फर्मवेअर. ते पुसून मला नवं लिहायचंय."

"ती आता उठत नाही का?"

"उठते."

"मग बाकीच्यांना उठवत नाही?"

"उठवते, भन्तेजी! पण त्यानंतर किती सुधारणा झाल्यात... एवढं सोपं काम आहे."

भन्तेजींनी कपाळ चोळलं. वय सत्तरीच्या पुढचं, अंग काटक. त्यांनाही वैताग यायचा. तो ते लपवत नसत.

"रोज त्या यंत्रावर बसते कोण?"

"विशाखा."

"मग माझं डोकं कशाला खातोस? तिला विचार."

भन्तेजींनी झाडू उचलला आणि ते अंगण झाडायला गेले.

उत्कर्षने तिला विचारलं नाही.

*

विशाखा रामटेकेला जन्मापासून दिसत नव्हतं. बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. अभ्यासिकेतला तो जुना संगणक तिला धडे वाचून दाखवायचा. त्याचा वेग तिने इतका वाढवून ठेवला होता की इतरांना तो आवाज लाह्या फुटल्यासारखा वाटायचा. तिला त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

त्या सकाळी ती येऊन बसली, तर खुर्चीजवळ उत्कर्ष उभा.

"थोडं थांब, विशाखा. छोटंसं काम आहे."

"काय करून राहिले, दादा?"

"सुधारून राहिलोय."

"बिघडलं होतं का जी?"

उत्कर्षने डोळे मिटून घेतले.

त्याने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर एक पट्टी आली आणि डावीकडून भरू लागली. खाली लिहून आलं, काम पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करू नका.

पट्टी निम्म्यावर आली. आणखी थोडी पुढे सरकली.

मग थांबली.

उत्कर्ष वाट पाहू लागला. टेबलावर बोटं वाजवली. उठला, पुन्हा बसला. पट्टी तिथेच.

"झालं का जी?" विशाखाने विचारलं.

"होतंय."

खिडकीबाहेर झाडूचा आवाज थांबला. भन्तेजींनी आत डोकावलं.

"काय लिहिलंय त्यावर?"

"बंद करू नका, असं."

"मग?"

"अडकलंय, भन्तेजी. कधीकधी अडकतं. मी अशी शेकड्याने यंत्रं पाहिलीत."

"पण लिहिलंय काय?"

"भन्तेजी, हे माझं काम आहे हो!"

भन्तेजी खिडकीतून बाजूला झाले.

उत्कर्षने बटण दाबलं. पडदा काळा होईपर्यंत दाबून धरलं. मग यंत्र पुन्हा सुरू केलं.

आतला छोटा पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला.

पुन्हा बंद. पुन्हा सुरू. पंखा तेवढा फिरला. यंत्राने ना आवाज दिला, ना अक्षर दाखवलं.

उत्कर्षच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय झालं?" विशाखाने विचारलं.

"वीज गेली," तो म्हणाला. "नेमकी मध्येच वीज गेली. या गावात ना..."

"वीज कुठं गेली, दादा? डोक्यावरचा पंखा थांबला नाही. मी पंख्याखालीच बसून आहो."

...

भन्तेजी दारात येऊन उभे होते. त्यांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. बोलले मात्र काही नाहीत.

काही बोलले असते तर उत्कर्षला बरं वाटलं असतं.

*

तो भंडाऱ्याला जाऊन आला. दुकानदाराने यंत्राचं झाकण उघडलं, चिपकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. या जातीचा मदरबोर्ड आता मिळत नाही म्हणाला. भंगारात द्या म्हणाला.

उत्कर्षने आपला लॅपटॉप विशाखापुढे ठेवला. त्यात वाचून दाखवणारं दुसरं सॉफ्टवेअर घातलं. ती ऐकू लागली. थोड्याच वेळात तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा कोण बोलून राहिला?"

"नवा आवाज आहे. जास्त स्पष्ट आहे."

"हा शाळेला शाला म्हणते. फळाला फल म्हणते."

"सवय होईल."

"परीक्षा तोंडावर आली, दादा. मी अभ्यास करू की याची सवय करू?"

ती काठी घेऊन उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही आली नाही. तिच्या आईने भोजनदानाचा डबा आणला, भन्तेजींना वंदन केलं आणि उत्कर्षकडे न पाहता निघून गेली.

तेव्हापासून उत्कर्ष बदलला.

"भन्तेजी, नागपूरला जाऊन पाहू का?"

"भन्तेजी, विशाखाच्या घरी जाऊ का? की नको जाऊ?"

"भन्तेजी, आधी अंगण झाडू की आधी पाणी भरू?"

भन्तेजी पात्र धूत होते. त्यांनी ते जरा आपटूनच ठेवलं.

"अरे, पहिले तू मला काही विचारत नव्हतास. तेव्हा मी डोकं धरून बसायचो. आता सगळंच विचारतोस. डोकं तेच, हातही तेच!"

"माझा स्वतःवर विश्वास राहिला नाही, भन्तेजी."

"म्हणून माझ्यावर टाकतोस?"

उत्कर्ष हळूच म्हणाला, "म्हणजे... आधी अंगण झाडू?"

भन्तेजी उठले आणि त्यांनी स्वतःच अंगण झाडून घेतलं.

*

त्याच आठवड्यात गोंदियाकडची दोन माणसं आली. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्यानंतर भन्तेजींनी आमच्याकडे यावं, असं म्हणाली. तिकडचा विहार बरीच वर्षं बंद पडून होता. भन्तेजी हो म्हणाले.

माणसं गेल्यावर उत्कर्ष समोर येऊन बसला.

"तुम्ही जाणार?"

"वर्षावास संपला की भिक्खू थांबत नाही."

"मी येऊ तुमच्याबरोबर?"

"कशाला?"

"तुम्ही नसलात तर मी विचारू कुणाला?"

भन्तेजींनी छताकडे पाहिलं. तिथे एक पाल होती. ते थोडा वेळ तिच्याकडेच पाहत राहिले.

"मी आहे तेव्हा तरी कुठं काय सांगतो, बाबा?"

*

मार्ग उत्कर्षलाच सापडला. सापडला तेव्हा तो धावत भन्तेजींकडे आला.

"भन्तेजी, ती चिप चिकटवलेली नाही! खाचेत नुसती बसवलेली आहे. निघते!"

"बरं."

"आणि हा संगणक आला तेव्हा जोडी आली होती. एका कॉलेजने दोन दिले होते. दुसरा नदीपलीकडे पिंपळटोल्याच्या अभ्यासिकेत आहे, गणवीर गुरुजींकडे. अगदी असाच, आणि चिपही अशीच."

"मग?"

"त्यांची चिप मागून आणायची. आपल्या यंत्रात बसवायची. आपलं यंत्र तिच्यावर जागं होईल. मग..." तो थांबला. "मग यंत्र चालू असतानाच ती चिप उपटायची. तिच्या जागी आपली मेलेली चिप बसवायची, आणि जाग्या यंत्राकडूनच तिच्यावर लिहून घ्यायचं."

भन्तेजी पहिल्यांदाच जरा पुढे झुकले.

"चालू असताना उपटायची?"

"हो. बंद केलं तर पुन्हा उठणार नाही."

"उठवणारी काढून घेतली तर ते झोपत नाही?"

"नाही. एकदा पूर्ण जागं झालं की त्याला तिची गरज नसते." उत्कर्षने ओठ चावला. "म्हणजे... नसावी."

"नसावी?"

"मी कधी केलेलं नाही, भन्तेजी. नुसतं वाचलंय. हात हलला, कुठे काही चिकटलं, तर गुरुजींची चिपही जाईल. मग दोन्ही यंत्रं गेली." तो म्हणाला, "करू का?"

"मला काय विचारतोस? मी त्या डब्याचं झाकण तरी कधी उघडलंय का?"

"तुम्ही फक्त हो म्हणा."

"म्हणत नाही."

"म्हणजे नको?"

"नकोही म्हणत नाही."

"भन्तेजी!" उत्कर्षचा आवाज चढला. "मी काय समजायचं यातून?"

"काही समजू नकोस. मला झोपू दे. दुपार झाली."

भन्तेजी भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

उत्कर्ष तिथेच उभा राहिला. राग आला होता. त्या रागातच त्याने विचारलं, "मग विचारू तरी कुणाला?"

भिंतीकडून आवाज आला.

"मागच्या वेळी कुणाला विचारायचं राहिलं होतं?"

...

*

विशाखा ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. पावलांवरूनच तिने ओळखलं. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"वीज गेली नव्हती," उत्कर्ष म्हणाला. "पट्टी अडकली होती. मला धीर धरवला नाही. मी बटण दाबलं."

"ते मला त्याच दिवशी समजलं जी. यात नवीन काय सांगितलं?"

उत्कर्ष खालच्या पायरीवर बसला. मग त्याने तिला चिपचं सगळं सांगितलं. काय करायचं ते, काय बिघडू शकतं तेही. काही झाकलं नाही.

शेंगांची टरफलं जोरात फुटत होती.

"मला नवीन काही पाहिजे नव्हतं, दादा. मी मागितलं होतं का?"

"नाही."

"मला होतं तेच पाहिजे."

"हो."

"मग आणा ती चिप. पण मी तिथं बसून राहीन. आणि या खेपेला अडकलं तर तुम्ही पण बसून राहा."

*

गणवीर गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही समोरच्याला उभं ठेवूनच बोलायचे.

"चिप काढून दिली तर माझं यंत्र?"

"चिप परत येईपर्यंत उठणार नाही, गुरुजी."

"आणि तुझ्या हातून जळली तर?"

महिन्यापूर्वीचा उत्कर्ष म्हणाला असता, असं काही होत नाही, मी अशी शेकड्याने यंत्रं पाहिलीत.

"तर कधीच उठणार नाही," तो म्हणाला.

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"इथं पोरं पोलीस भरतीचे अर्ज भरतात यावर. ठाऊक आहे?"

"आता कळलं."

"भन्तेजींनी पाठवलं तुला?"

"नाही, गुरुजी. ते हो म्हणाले नाहीत."

"नको म्हणाले?"

"तेही म्हणाले नाहीत."

गुरुजी जरा चिडल्यासारखे हसले. "ते असंच करतात. मागे माझ्याबाबतीतही असंच केलं होतं." मग म्हणाले, "त्यांनी हो म्हटलं असतं तर मी येऊन त्यांच्याशी भांडलो असतो. आता भांडायला तूच उरलास, आणि तू तर सगळं कबूलच करतोस. काढ. पण माझ्यासमोर काढ."

उत्कर्षने झाकण उघडलं. चिपच्या दोन्ही टोकांखालून सांभाळून रेटा देत ती वर आणली. गुरुजींनी काडेपेटी रिकामी करून दिली. चॉकलेटचा चंदेरी कागद आत घालून त्यावर चिप ठेवली.

खिशावर हात ठेवूनच त्याने पूल ओलांडला.

*

अभ्यासिकेत विशाखा आपल्या जागी बसली होती. भन्तेजी दाराजवळ चटईवर.

उत्कर्षने मेलेली चिप काढून बाजूला ठेवली आणि गुरुजींची चिप बसवली. बसवण्याआधी तिच्या पोटाखालून एक दोरा ओवून घेतला होता, म्हणजे नंतर ती सरळ वर ओढता येईल. दोरा विशाखाने दिला. तिच्या आईच्या शिवणाच्या डब्यातला.

बटण दाबलं.

पंखा घरघरला. पडदा काळा... आणि मग उजळला.

यंत्र बोललं. लाह्या फुटल्या.

विशाखाने दोन्ही हात तोंडावर धरले. थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली.

"ळ म्हणते," ती म्हणाली. "बरोबर म्हणते."

उत्कर्षने आधी गुरुजींच्या चिपमध्ये जे लिहिलेलं होतं ते यंत्रात उतरवून घेतलं. त्याच्या पेनड्राइव्हवर नवी आवृत्तीही होती. त्याने तो पेनड्राइव्ह काढला आणि खिशात टाकला. या वेळी त्याने कुणाला काही विचारलं नाही.

आता उपटायची वेळ आली.

त्याने दोऱ्याची दोन्ही टोकं चिमटीत धरली. हात थरथरायला लागला. त्याने टोकं सोडली, हात पंच्याला पुसला, पुन्हा धरली. हात तसाच.

"भन्तेजी, जरा इथं येऊन बसा."

भन्तेजी आले. शेजारी बसले.

"मी ओढू ना?"

उत्तर नाही.

"तुम्ही नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवा. बाकी काही नको. हात ठेवला की मी ओढतो."

भन्तेजींनी त्याच्याकडे पाहिलं. थरथरणाऱ्या हाताकडे पाहिलं. आत उघड्या पडलेल्या यंत्राकडे पाहिलं.

मग ते उठले. चीवर सावरलं, बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

"भन्तेजी!"

काही नाही.

"असं कसं जाता तुम्ही? भन्तेजी! दोन यंत्रं जातील इथं! तीन महिने मी तुमच्यापाशी काय म्हणून..." त्याचा आवाज फाटला. "एक हात ठेवायला सांगितला फक्त!"

बाहेर एक कावळा ओरडला. पावलं लांब गेली.

"गेले ते," विशाखा म्हणाली. "ओढा आता."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना जी. पण तुमचं हे बोलणं ऐकून जास्त वैताग येऊन राहिला."

उत्कर्षने दात आवळले. दोऱ्याची टोकं धरली.

त्याने ओढली.

चिप सरळ वर आली.

आवाज थांबेल म्हणून त्याने मान आत घेतली. आवाज थांबला नाही. यंत्र वाचत होतं. चक्रवाढ व्याजाचा धडा, त्याच वेगाने, जणू त्याच्या पोटातून कुणी काही काढून घेतलंच नव्हतं.

"काढली?" विशाखाने विचारलं.

"काढली."

"मग हे कसं काय बोलून राहिलं?"

"जागं झालंय ना," उत्कर्ष म्हणाला. म्हणताना त्याचाच त्याच्यावर विश्वास बसत नव्हता.

मेलेली चिप त्याने रिकाम्या खाचेत बसवली. दिशा पाहून घेतली, पुन्हा एकदा पाहिली. लिहायचा हुकूम दिला. पट्टी आली. किती भरली ते यंत्र आपल्या आवाजात मोजू लागलं.

निम्मं झालं. आणखी थोडं पुढे गेलं.

मग मोजणं थांबलं.

...

विशाखा ऐकत होती. ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"दादा."

"हं."

"हात कुठं आहेत?"

"मांडीखाली."

"राहू द्या तिथंच."

डोक्यावरचा पंखा फिरत राहिला. खिडकीतल्या उन्हाचा पट्टा टेबलाच्या कडेवर चढला. उत्कर्षच्या पायाला मुंग्या आल्या. त्याने डोळे मिटले. मग उघडले आणि उघडेच ठेवले. पट्टी पाहत राहिला. ती हलावी असं वाटणंसुद्धा हळूहळू दमून गेलं.

यंत्राने पुढचा आकडा उच्चारला.

मग त्याच्या पुढचा.

काम पूर्ण झाल्याचं यंत्राने सांगितलं. उत्कर्षने यंत्र बंद केलं. थोडं थांबला. बटण दाबलं.

ते आपल्याच चिपवर उठलं आणि बोललं.

विशाखाने खुर्ची पुढे ओढली. "सरका आता," ती म्हणाली. "माझा फार अभ्यास राहिला."

*

कडी बाहेरून लावलेली होती. उत्कर्षने खिडकीतून हाका मारल्या. शेवटी विशाखाची आई डबा न्यायला आली, तिने दार उघडलं. तिने या वेळी त्याच्याकडे पाहिलं. आतून येणारा आवाज ऐकला आणि पदर डोळ्यांना लावला.

भन्तेजी विहाराच्या पायरीवर बसून चीवराच्या काठाला अडकलेली कुसळं काढत होते. नदीकडे जाऊन आले असावेत.

"भन्तेजी, झालं! काढून घेतली तरी चालू राहिलं!"

"हं."

"तुम्ही मला कोंडून का गेलात?"

भन्तेजींनी एक कुसळ उपटलं, उन्हात धरून पाहिलं, टाकून दिलं.

"आत उकडत होतं."

उत्कर्ष खालच्या पायरीवर बसला. अभ्यासिकेतून लाह्या फुटत होत्या. पायरीवर दोघे शांत बसले होते. किती वेळ ते कुणी पाहिलं नाही.

मग त्याने मूठ उघडली. तळहातावर गुरुजींची चिप होती, दोरा अजून तिच्या पोटाशी तसाच.

"भन्तेजी... ही थोडे दिवस इथंच ठेवून घेऊ का? पुन्हा काही झालं तर? हाताशी असली की जरा धीर राहतो."

भन्तेजींनी कपाळाला हात लावला.

"ऊठ. परत नेऊन दे ती. तिकडेही कुणाला तरी उठायचंय."